कोनच्या ओट्यावरचं निःपक्ष वाचन

दाजींना आजवर लोकांनी बरंच काही म्हटलं होतं. हट्टी म्हटलं होतं, चिकट म्हटलं होतं, गोदामाला जागा देताना वकिलानं तोंडावर अडाणीही म्हटलं होतं. पण पक्षपाती कुणी म्हटलं नव्हतं. पक्षपाती म्हणजे कोण, तर पंच, मास्तर, क्रिकेटचा अंपायर, नाहीतर सासू. दाजी यातले काहीच नव्हते. ते सकाळी आपल्या ओट्यावर बसून पेपर वाचत. मोठ्यानं वाचत, एवढाच काय तो त्यांचा जगाशी संबंध.

मोठ्यानं वाचायला कारण होतं. दाजींचा ओटा कोन गावात, कल्याण-भिवंडी रस्त्यापासून जरा आत, आणि समोर मुनीरशेठचा कापड विणायच्या लूमचा कारखाना. जन्मभर लूमच्या खडखडाटात बसलेल्या माणसाच्या कानात हळू बोललेलं शिरत नाही. मुनीरशेठचं तसंच झालं होतं. त्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक अक्षरही दिसेना. दाजींचे डोळे मात्र शाबूत होते आणि अक्षरओळख कोरी करकरीत. साठी उलटल्यावर सुनेनं, रुचिकानं, त्यांना वाचायला शिकवलं होतं. मग त्यांनी दुकानांच्या पाट्या वाचल्या, औषधांच्या बाटल्या वाचल्या, ट्रकांच्या पाठी वाचल्या, भिंतीवरचं कॅलेंडर मागून पुढून वाचलं. रोज नवीन काही वाचायला मिळेल अशी वस्तू शेवटी पेपरच उरली.

तेव्हापासून दोघांचं ठरून गेलं होतं. सकाळची शिफ्ट लावून मुनीरशेठ रस्ता ओलांडून यायचे, बशीत चहा ओतायचे आणि म्हणायचे, "हां दाजी, दुनियेचं काय?" मग दाजी दुनियेचं वाचायचे. लहानपणी खाडीत एकत्र पोहलेली ही दोन माणसं. म्हातारपणी एकाच पेपरात पोहत होती.

अडचण एकच होती, तिचं नाव सरनोबत.

सरनोबत हे पुढारी असे होते की त्यांच्याबद्दल काहीच न वाटणारा माणूस तालुक्यात शिल्लक नव्हता. कुणाला ते देवमाणूस वाटत, कुणाला संकट. न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यावर आधी त्यांच्याबद्दलचं मत सांगावं लागे, मग वस्तरा गालाला लागे. सरनोबत स्टेजवर उभे राहिले की बोलता बोलता 'ते लोक' असा शब्द वापरत. ते लोक असे, ते लोक तसे, त्या लोकांना आता दाखवू. ते लोक म्हणजे कोण, हे ते नाव घेऊन सांगत नसत. पण ऐकणाऱ्याला कळे. दाजींना तर फारच कळे, कारण त्या लोकांपैकी एक जण समोर बसून बशीतल्या चहावर फुंकर घालत असे.

म्हणून दाजी तेवढ्या ओळी गाळत. आपल्या रस्त्यावरचा रिक्षावाला सवयीनं खड्डा चुकवतो, तसं. 'सरनोबत पुढे म्हणाले' इथवर आले की खाकरत, पान झटकत आणि थेट पाणीपुरवठ्याच्या बातमीवर उतरत. मुनीरला हे कधी कळू नये एवढीच त्यांची इच्छा होती. गाळलं म्हणजे वाईट होतं, हे मग सांगावं लागलं असतं. आणि काय वाईट होतं, हेही सांगावं लागलं असतं.

हे असंच चालू राहिलं असतं. पण शेजारच्या भावेशच्या फोनमध्ये पेपर यायला लागला.

भावेश टेम्पोवाला. मुनीरशेठच्या कारखान्यातले कापडाचे ताके वर्षानुवर्षं त्याच्याच टेम्पोतून जात, आणि त्याच टेम्पोच्या काचेवर सरनोबतांचं हात जोडलेलं चित्र. गाडीत माल भरेपर्यंत तो ओट्यावर येऊन बसायचा. एका सकाळी दाजी वाचत होते आणि भावेशचा अंगठा फोनवर सरकत होता.

"...सरनोबत पुढे म्हणाले," दाजींनी वाचलं, खाकरले आणि पान झटकलं. "भिवंडीत उद्या पाणी कमी दाबानं—"

"थांबा, थांबा, दाजी! सरनोबतसाहेब पुढं बोलले काय?"

"बोलले आपलं काहीतरी."

"काहीतरी न्हाय. हितं फोनात मोठा परिच्छेद हाय! तुमी खाल्लाव तो!"

"छपाई पुसट हाय माझ्याकडं."

भावेशनं उठून दाजींच्या हातातलं पान बघितलं. छपाई कधी नव्हे इतकी काळीभोर होती. "दाजी," तो फार दुःखानं बोलला, "टीव्हीवाले विकले गेले, पेपरवाले विकले गेले, ते आमाला म्हाईत होता. तुमीसुदिक?"

तेवढ्यात मुनीरशेठचा पुतण्या खालिद आला. कारखान्याचा सगळा व्यवहार तो बघायचा, आणि त्याचं मत बरोबर उलटं होतं. "क्या भावेश, विकलेला पेपर तुमच्याच साहेबाचा आहे. रोज पहिल्या पानावर फोटो! त्याला शिंक आली तरी चौकट. दाजी जरा मोठ्यानंच वाचतात त्याचं नाव, मी कारखान्यातून ऐकतो."

"मोठ्यानं? साहेबांचं नाव दाजी पुटपुटतान!"

"आमच्या गेटपर्यंत ऐकू येतं!"

एकच पेपर, एकच वाचणारा, आणि तो दोन्हीकडे विकला गेलेला. दाजींना वाटलं, विकलो गेलो असतो तर निदान घरात नवा पंखा तरी आला असता. मुनीरशेठ दोघांकडे बघत शांतपणे बशी चाटूनपुसून संपवत होते. "अरे, म्हाताऱ्याला वाचू द्या की," एवढंच ते बोलले.

पण दाजींच्या वर्मी लागलं होतं. गाळणारा माणूस आपण आहोत, हे त्यांना ठाऊक होतं. पण विकलेला माणूस आपण नाही, हेही ठाऊक होतं. आणि दुसरी गोष्ट सिद्ध करायची तर पहिली उघड करावी लागणार. अशा वेळी शहाणा माणूस पेपर बंद करतो. दाजींनी दुसरा सुरू केला.

दुसरा पेपर खालिदनं सुचवला. तो सरनोबतांना रोज शिव्या देतो अशी त्याची ख्याती. आता एक परिच्छेद या पेपरातला, एक त्या पेपरातला, असं वाचायचं ठरलं. दाजींची बहीण आक्का त्यांच्याकडेच राहायची. तिला सरनोबतांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला फक्त निधनाच्या बातम्या लागत. कोण गेलं, दहावं कधी, उत्तरकार्य कुठं, हे ऐकल्याशिवाय ती तांदूळ धुवायला घेत नसे. दोन पेपर बघून तिचा चेहरा खुलला. "बरा केलास," ती बोलली. "एकात सगली मानसा मावत नव्हती."

नेमकी त्याच आठवड्यात राहनाळला सरनोबतांची सभा झाली. एका पेपरानं छापलं, 'राहनाळमध्ये जनसागर उसळला'. दुसऱ्यानं छापलं, 'रिकाम्या खुर्च्यांसमोर भाषण'. दोघांनीही पुराव्याला फोटो दिले होते. दाजींनी नियमाप्रमाणे एक वाक्य इकडचं आणि एक तिकडचं वाचलं. त्यामुळे ऐकणाऱ्याला असं वाटलं, की माणसांचा सागर आला आणि खुर्चीवर मात्र कुणी बसलं नाही.

"मी सोता होतू तिथं!" भावेश ओरडला. "पाय ठेवाला जागा नव्हती!"

"मी स्कूटरवरून गेलो समोरून," खालिद म्हणाला. "खुर्च्या मोजून घ्या. स्टेजवर जास्त माणसं होती."

"ए, गप रा," आक्का दारातून बोलली. "त्या दिसाला राहनाळात रंगूबाईच्या नातवाची हलद होती. सगला गाव आदी हलदीला गेला, जेवला, नाचला, मंग सभेला गेला. तू आदी गेलास, खालिद. तू मागशी गेलास, भावेश. दोगं खरं बोलतान."

आगरी माणूस हळद सोडून पुढाऱ्याच्या सभेला वेळेवर जाईल हे कुणालाच पटण्यासारखं नव्हतं, तेव्हा आक्काचं म्हणणं खोटं ठरवता येत नव्हतं. पण ते भावेशलाही नको होतं आणि खालिदलाही. खरं सांगितल्याबद्दल आक्काचे आभार कुणी मानले नाहीत. "हलदीचा विषयच न्हाय हितं," एवढं बोलून भावेशनं तो पुरावा बाजूला सारला.

गल्लीतल्या शहाण्यांना आता ओट्यावर येण्याचं निमित्त मिळालं. कुणी सांगितलं, तिसरा पेपर घ्या, इंग्रजी घ्या, इंग्रजीत खोटं छापत नाहीत. कुणी सांगितलं, वाचताना आवाज चढवूच नका. दाजींनी तसंही करून पाहिलं. सपाट सुरात त्यांनी बातम्या वाचल्या, तर रुचिका आतून धावत आली आणि बरं वाटत नाही का म्हणून विचारू लागली.

काट्याची कल्पना मात्र खुद्द मुनीरशेठची. ते सहज बोलून गेले, "आमच्या धंद्यात सुताच्या मालावरून दोघांची जुंपली की आम्ही बोलत नाही. काट्यावर टाकतो. काटा बोलतो."

हे बोलण्यापुरतं होतं. पण भावेश आणि खालिद एकमेकांकडे बघत राहिले, आणि त्या दिवसापासून दोन्ही पेपर आले की वाचायच्या आधीच कापायला सुरुवात झाली. सरनोबतांच्या बाजूच्या बातम्या एका पिशवीत, विरुद्धच्या दुसऱ्या पिशवीत. महिन्याच्या शेवटी मुनीरशेठच्या कारखान्यात सूत तोलायच्या काट्यावर दोन्ही पिशव्या ठेवायच्या, आणि पेपर कुणाला विकला गेलाय ते जगाला दाखवायचं. कात्री दाजींच्या हातात, कारण ते निःपक्ष.

कापायला बसल्यावर दाजींना पहिल्यांदा कळलं की कागदाला दोन बाजू असतात. पुढं सरनोबतांनी पुलाचं उद्घाटन केलेलं, आणि नेमकं त्याच्या पाठीवर त्यांच्यावर कोर्टानं ओढलेले ताशेरे. हा तुकडा कुठल्या पिशवीत? भावेश म्हणाला, मथळा मोठा तो खरा. खालिद म्हणाला, कोर्ट मोठं. मध्येच सरनोबतांचा वाढदिवस आला आणि एका पेपरात गुळगुळीत कागदाची आख्खी पुरवणी निघाली. ती पिशवीत पडताच खालिदनं हरकत घेतली, की ही बातमी नव्हे, जाहिरात. भावेश म्हणाला, जाहिरात काय शत्रूची करतात? वाद इतका वाढला, की पुरवणी उन्हात वाळवून घ्यावी आणि मग तोलावी, कारण सुतातसुद्धा ओल धरून वजन वाढतं, असा एक तोडगा कुणीतरी काढला. पुरवणी वाळत घातली. ती उडून गटारात गेली.

तोलणं झालंच नाही. कारण त्याआधीच एका सकाळी राहनाळचा पंढरी, आक्काच्या नणंदेचा मुलगा, ओट्यावर येऊन उभा राहिला. चेहरा पडलेला. "आक्का, आयशीच्या दहाव्याला तुमच्याकरचा एक मानूस न्हाय आला. आमी पेपरात दिला होता."

आक्कानं दाजींकडे बघितलं. दाजींनी पिशवी उपडी केली. सरनोबत एका शाळेत मुलांना वह्या वाटत होते. त्यांच्या पाठीवर, वह्यांच्या बरोबर मागे, पंढरीची आई गुणाबाई गेल्याचं छापलं होतं.

आक्का मोठ्यानं रडली नाही. तसं झालं असतं तर दाजींना सोपं गेलं असतं. ती फक्त म्हणाली, "मरनाऱ्याची बातमी कातरलीस तू, दाजी," आणि आत गेली. दाजी राहनाळला जाऊन हात जोडून आले. परत येताना मानकोलीच्या ट्रकांच्या रांगेत रिक्षा अडकली, तेव्हा त्यांना वाटलं, आपण इथंच राहावं. इथं कुणी वाचायला सांगत नाही.

आता भावेश आणि खालिद दोघांनाही वाटू लागलं, की दोष मुळाशी आहे आणि मुळाशीच जाब विचारला पाहिजे. दाजींना मधे बसवून ते भिवंडीत त्या पहिल्या पेपराच्या कार्यालयात गेले. कार्यालय म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरचा माळा. तिथं एक सद्गृहस्थ एका हातानं वडापाव खात आणि दुसऱ्या हातानं टाइप करत बसले होते. तेच वार्ताहर, तेच जाहिरात घेणारे, आणि खाली झेरॉक्सच्या दुकानात गर्दी झाली की तेच झेरॉक्स काढणारे.

"तक्रार?" ते म्हणाले. "तक्रार इथं घेत नाहीत. तक्रार मुंबईला. इथं वाढदिवस, निधन आणि हरवले-सापडले."

"पर बातमी तर हितून जाते ना?" भावेशनं विचारलं.

"जाते. मी काय पाठवतो आणि तिथं काय छापतात, ते मलाही दुसऱ्या दिवशीच कळतं. वाचून मीही चकित होतो." मग त्यांनी वडापाव खाली ठेवून दाजींकडे नीट बघितलं. "आजोबा, तुम्ही रोज मोठ्यानं पेपर वाचता? ओट्यावर? दोन्ही समाजाची माणसं ऐकतात? अहो, हीच तर बातमी आहे!"

दाजी नको नको म्हणत असताना फोटोची वेळ ठरली. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ ओट्यावर आले. कुठून तरी वास लागून दुसऱ्या पेपराचा माणूसही आला. दोघे एकाच स्कूटरवरून आले होते आणि दोघांनी एकाच वेळी फोटो काढला. त्यावरून हे शत्रू पेपर आहेत असं कुणाला वाटलं नसतं.

बातमी दोन्हीकडे आली. एका पेपरात मथळा होता, 'कोनमधील ज्येष्ठांचा सरनोबतांना वाढता पाठिंबा'. दुसऱ्यात होता, 'सरनोबतांच्या प्रसिद्धीबाजीविरुद्ध कोनमध्ये संताप'. फोटो तोच. दाजींचं तोंड उघडं. एकात ते जयघोष करत होते, दुसऱ्यात निषेध. प्रत्यक्षात ते त्या वेळी जांभई देत होते. मुनीरशेठ फोटोच्या कडेला बसले असल्यामुळे एका पेपरात त्यांचा फक्त गुडघा आला आणि दुसऱ्यात तोही नाही.

दाजींनी या दोन्ही बातम्या स्वतःच्या तोंडानं वाचल्या. आपण काय काय म्हणालो, ते त्यांना तेव्हा कळलं. दुपारी सरनोबतांच्या माणसांनी येऊन त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. संध्याकाळी दुसऱ्या बाजूच्या माणसांनी येऊन दुसरी टाकली. त्या उकाड्यात दोन शाली घेऊन बसलेल्या भावाला आक्कानं विचारलं, "थंडी वाजतं काय?" पंढरी येऊन गेल्यापासून ती दाजींशी पहिल्यांदाच बोलली होती. दाजींना तेवढंच बरं वाटलं.

दाजींना आता एवढंच हवं होतं, की सगळं पहिल्यासारखं व्हावं. पण सगळं पहिल्यासारखं करायचा मान भावेशनं स्वतःकडे घेतला. दुसऱ्या दिवशी ओट्यावर उभा राहून तो म्हणाला, "आता कापाचा न्हाय, तोलाचा न्हाय, कुनाचा मत न्हाय. पयलाच एक पेपर, हाय तसा सगला वाचाचा. पयल्या अक्षरापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत. एक ओल गालाची न्हाय. मी फोनात बघत बसन."

"मंजूर," खालिद म्हणाला. दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि ते नेमकं दाजींच्या मानेवर झालं होतं.

"सगलाच?" दाजींनी मुनीरशेठकडे बघत विचारलं.

"वाच ना," मुनीरशेठ म्हणाले. "छापलंय तर वाच."

पहिले काही दिवस दैवानं सांभाळलं. सरनोबत आजारी होते. दाजींनी टेंडरच्या जाहिराती वाचल्या, हरवलेल्या कुत्र्याचं वर्णन वाचलं, संपादकाचं नाव आणि छापखान्याचा पत्ता वाचला. घसा बसला, पण जीव रमला. मग सरनोबत बरे झाले आणि थेट मानकोलीच्या मैदानावर बोलले.

त्या सकाळी दाजी पेपरवाल्याची वाट बघत दारातच उभे होते. आत नेऊन त्यांनी बातमी मनातल्या मनात वाचली. मग पेपर घडी घालून गादीखाली सरकवला आणि बाहेर येऊन सांगितलं, की आज पेपर आला नाही. रुचिका गुणी सून. "अहो बाबा, तुमच्या गादीखाली गेलाय बघा, मीच अंथरूण आवरताना पाहिला," म्हणत तिनं तो आणून दिला. दाजी म्हणाले, घसा बसलाय. आक्कानं लगेच आल्याचा काढा आणून पाजला, आणि तो इतका कडक होता की घसा खरोखरच सुटला. दाजी म्हणाले, मुनीरची वाट बघू. मुनीरशेठ समोरून रस्ता ओलांडतच होते.

सगळे आपल्या भल्यासाठी झटतायत, हे बघून दाजींना रडू यायचं बाकी राहिलं. मुनीरशेठ बसले. बशीत चहा ओतला. "हां दाजी, दुनियेचं काय?"

भावेशनं फोन उघडला. खालिद भिंतीला टेकला.

दाजींनी वाचायला सुरुवात केली. मैदान, गर्दी, हारतुरे. मग 'सरनोबत पुढे म्हणाले' आलं. त्यांचा हात सवयीनं पान झटकायला उचलला गेला. त्यांनी तो खाली घेतला.

"'...या भागात काही लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पण ते लोक कधी आपले झाले नाहीत, होणार नाहीत. आजपासून प्रत्येकानं शपथ घ्यावी. त्यांच्या दुकानात जायचं नाही. त्यांच्या कारखान्यातल्या मालाला आपल्या गाडीत—'"

दाजी थांबले. मुद्दाम नाही, दम लागला होता. रस्त्यापलीकडे भावेशचा टेम्पो उभा होता आणि कारखान्याची दोन माणसं त्यात ताके चढवत होती. काचेवरचे सरनोबत हात जोडून बघत होते.

"'...आपल्या गाडीत जागा द्यायची नाही. त्या लोकांना—'"

"दाजी," भावेश म्हणाला.

दाजींनी मान वर केली.

"राहू द्या ना ता." भावेश फोनकडे बघत नव्हता. तो बोटानं फोनच्या काचेवरचा न दिसणारा डाग पुसत होता. "भाषनात बोलतान कायबी. पुढचा वाचा."

"एक ओल गालाची न्हाय, तूच बोललास."

"बोललू मी. आता बोलतंय, राहू द्या."

खालिद एरवी अशा वेळी काहीतरी झणझणीत बोलला असता. आज तो आपल्या चपलेकडे बघत राहिला. दाजींनी मोठ्या कष्टानं मुनीरशेठकडे बघितलं. मुनीरशेठनी चहाचा घोट घेतला, बशी खाली ठेवली आणि बनियनच्या टोकानं मिशी पुसली.

"पुरं कर ना दाजी. अर्धं कशाला?"

"मुनीर, मना वाटला..."

"तुला काय वाटलं ते मला माहीत आहे." मुनीरशेठ दमल्यासारखं हसले. "हे सगळं काल संध्याकाळीच घरी ऐकलंय. बायको वाचते ना मला रोज, जोहरा. तिचा संध्याकाळचा उर्दू पेपर येतो, त्यात तर हे याच्याहून जास्त येतं. ती काही गाळत नाही रे. मी म्हटलं, गाळ थोडं, तर म्हणते, मी काय दाजी आहे?"

दाजींनी पेपर खाली घेतला.

"म्हंजी तुला म्हाईत होता? सुरुवातीपासून?"

"तू खाकरलास की मला कळायचं, आज काहीतरी जबर आहे."

"मंग रोज येऊन बसत होतास कशाला?"

मुनीरशेठनी जरा विचार केला. "घरी ऐकलं की झोप लागत नाही. सकाळी तुझ्याकडे तीच दुनिया ऐकली की जरा बरी वाटते. पाणी कमी दाबानं येणार, कुत्रा हरवला, कुणाचं दहावं. माणूस त्यात राहू शकतो."

दाजींनी पेपरची घडी घातली. त्यांना एकदम फार थकल्यासारखं वाटलं, आणि त्या थकव्यात थोडं हलकंही वाटलं. इतके दिवस ज्या माणसापासून लपवायला दोन पेपर, कात्री, काटा आणि दोन शाली लागल्या, त्याला सगळं आधीपासून ठाऊक होतं. रागवावं की हसावं, ते ठरेना. शेवटी त्यांनी पेपर भावेशच्या मांडीवर टाकला.

"घे. आता तू वाच. माझा घसा गेला."

"मी?"

"तूच. तुमा लोकांना निःपक्ष मानूस पायजेल ना? वाच. मी बघतंय."

भावेशनं पेपर उलगडला. मुनीरशेठ समोर बसले होते. पलीकडून कुणीतरी हाक मारून माल भरून झाल्याचं सांगत होतं. भावेश घसा साफ करून अडखळत वाचू लागला. 'सरनोबत पुढे म्हणाले' इथं तो पोचला. दाजी त्याच्या खांद्यावरून अक्षरांवरून डोळे फिरवत होते. भावेशचं बोट ओळीवर थांबलं आणि परिच्छेदाच्या टोकापर्यंत गप्प घसरत गेलं.

"...भिवंडीत उद्या," भावेश मोठ्यानं म्हणाला, "पानी कमी दाबानं येनार."

दाजींनी त्या गाळलेल्या सगळ्या ओळी मनातल्या मनात वाचल्या. मग ते भिंतीला पाठ लावून बसले.

"बरा वाचतंस रे," ते म्हणाले. "जरा मोठ्यानं वाच. मुनीरला ऐकू येत न्हाय."